उशीच्या अभ्र्यातली फुलं

म्हाताऱ्या माणसाच्या हातात उगाच कोणी कात्री देत नाही. मी पंचेचाळीस वर्षं पत्रा कापलाय, ट्रंका, डबे, धान्याच्या कोठ्या केल्यात, तेव्हा कात्रीबद्दल बोलायचा मला अधिकार आहे.

घरी होतो तेव्हा सूनबाईनं आधी माझी पत्र्याची कात्री माळ्यावर टाकली. मग सुरी उचलली, मग गॅसचा लायटर. "बाबा, तुम्हाला लागेल." मी म्हटलं, आता चमचाही लपव, डोळ्यात जाईल एखादवेळी. आणि अशा माणसाला इथं, या म्हाताऱ्यांच्या निवासात, दर मंगळवारी सकाळी दहाला एक चाळिशीची बाई हसत हसत कात्री देते आणि म्हणते, "चला काका, वसंत आला, भिंत सजवू या!"

आता तुम्हीच सांगा, संशय येईल का नाही?

आम्ही तिला कागदवाली म्हणायचो. दोन खांद्यांना दोन पिशव्या, त्यात रंगीत कागद, गोंदाच्या कांड्या, कात्र्या. जेवणघराच्या लांब भिंतीवर तिनं तपकिरी कागदाचं एक झाड चिकटवलं होतं, नुसतं खोड आणि फांद्या. फुलं, पानं, फुलपाखरं आम्ही करायची. पुढच्या महिनाअखेरीला सगळ्यांच्या घरची माणसं बघायला येणार, तोवर झाड भरायचं. इथवर ठीक. पण ही बाई काय करायची, प्रत्येक फूल हातात घ्यायची, उलटं करायची आणि पाठीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहायची. मग एका निळ्या वहीत काहीतरी लिहायची. अहो, फुलाच्या पाठीवर काय लिहायचंय? फूल आहे, पार्सल नाही.

पहिल्याच मंगळवारी माझ्या शेजारच्या टेबलावर टायपिस्टबाई होत्या. सगळा जन्म कचेरीत टकटक करण्यात गेलेला, फार टापटीप बाई. त्यांनी सगळी पानं उलटी चिकटवली. देठ वर, टोक खाली. कागदवालीनं बघितलं आणि वहीत लिहिलं. गुरुवारी टायपिस्टबाईंची खाट रिकामी. वर नेलं म्हणाले.

वर म्हणजे वरचा मजला. तिथं ज्यांना स्वतःचं स्वतःला जमत नाही ती माणसं. लिफ्टला चावी लावल्याशिवाय ती वर जात नाही आणि चावी असते इथल्या मोठ्या बाईंच्या कमरेला. त्यांना आम्ही चावीबाई म्हणतो. चालायला लागल्या की अख्खा व्हरांडा खुळखुळतो. वर गेलेला माणूस जेवायला खाली आलेला मी तरी बघितलेला नाही.

मंगळवारी पानं उलटी, गुरुवारी बाई वर. मी काही शिकलेला नाही, चौथीत मास्तरांनी मला आणि मी मास्तरांना सोडलं. पण एवढं गणित मला येतं.

मला माझी काळजी नव्हती. मला घोर होता मेहुण्याचा.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. शिंपी. आम्ही दोघं एकाच खोलीत, त्याची खाट खिडकीशी, माझी दाराशी. माझ्या लग्नातला शर्ट त्यानं शिवला होता आणि डावी बाही बोटभर आखूड झाली होती. मी म्हटलं, तू चुकलास. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही माप देताना खांदा उचललात." ते भांडण अजून मिटलेलं नाही. बायको गेली तेव्हा तिच्यात बोलायचं त्राण नव्हतं. तिनं नुसतं भावाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं संसार केल्यावर एवढं कळतं माणसाला.

थंडीपासून त्याचं जरा बिनसलं होतं. डाव्या पायातली चप्पल उजव्यात. चहा पिऊन झाला की पुन्हा चहाची वाट बघायचा. एकदा म्हणाला, "दाजी, ताई कुठं गेलीय?" मी म्हटलं, "येईल." दुसरं काय सांगू?

तर त्या पहिल्या मंगळवारी कागदवालीनं गुलाबी कागदावर पाच पाकळ्या पेन्सिलीनं आखून दिल्या आणि म्हणाली रेषेवरून कापा. मी टायपिस्टबाईंची उलटी पानं बघत होतो, म्हणून मेहुण्याकडं लक्ष नव्हतं. वळून बघतो तर गड्यानं रेषेकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कुठूनही कात्री घातलेली, एक तुकडा बादलीच्या कडीसारखा वाकडा, एक होडीसारखा, दोन तर कशासारखे तेही सांगता येईना. सगळ्या आयुष्यात ज्यानं कात्रीशिवाय काही धरलं नाही त्याच्या हातून हे.

कागदवाली आमच्याकडंच येत होती. मी ते तुकडे मुठीत घेतले, खिशात कोंबले आणि माझं कापलेलं फूल त्याच्यासमोर सरकवलं.

"दाजी, हे मी केलं?"

"तूच केलंस. गप्प बस."

त्यानं फूल बोटांत चोळलं. "कापड हलकं दिलंय. धुतल्यावर आटेल."

"आटू दे."

गुरुवारी टायपिस्टबाई वर गेल्या आणि माझी खात्री पटली. ही भिंतबिंत सगळं निमित्त आहे. ही परीक्षा आहे, आणि नापास झालेला लिफ्टनं वर जातो.

मग मी पद्धत बसवली. दुपारी सगळे झोपले की दार लोटून घ्यायचं आणि पुढच्या मंगळवारची फुलं आधीच कापून ठेवायची. कागद मी वर्गातूनच सदऱ्याच्या आत घालून आणायचो. मंगळवारी टेबलाखालून एकेक फूल त्याच्या मांडीवर सरकवायचं आणि त्याचे वाकडे तुकडे उचलून खिशात घालायचे. ते तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकायची सोय नव्हती. आमच्याकडं झाडायला येते त्या बाईवरही माझा संशय होता. डबा रिकामा करताना फार वाकून बघायची. तेव्हा मेहुण्याचं सगळं कातरण माझ्या उशीच्या अभ्र्यात जायला लागलं. रात्री मान वळवली की कानाशी कुरकुर व्हायची.

आणि एक गोष्ट मी केली, ती सवयीनं केली. पत्र्याचं काम करणारा कड उघडी ठेवत नाही. उघडी कड बोट कापते. पत्रा कापला की कड आत दुमडायची, हातोडीनं बसवायची, मगच वस्तू माणसाच्या हातात द्यायची. मी कागदालाही तेच केलं. प्रत्येक पाकळीची कड दोऱ्याएवढी आत दुमडायची आणि चमच्याच्या पाठीनं घासून बसवायची. वेळ जायचा, पण फूल असं ताठ उभं राहायचं की बघत राहावं.

दुसऱ्या मंगळवारी कागदवालीनं ते फूल उचललं आणि सगळ्या जेवणघराला दाखवलं. "बघा बघा, शिंपीकाकांनी कशी कड दुमडलीय! शिंप्याचा हात लपत नाही, नाही का?"

माझा नुसता तिळपापड झाला. काम पत्रेवाल्याचं आणि टाळ्या शिंप्याला. आणि मेहुणा बसलाय मान डोलवत, नवरदेवासारखा.

"तुमचं कुठंय काका?" तिनं मला विचारलं. माझ्यासमोर घाईघाईत कापलेलं एक पान होतं, तेही एका बाजूनं फाटलेलं. सगळा जीव त्याच्या फुलांत ओतल्यावर माझ्यासाठी काय उरणार? तिनं पानाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि वहीत लिहिलं.

असे चार मंगळवार गेले. फांद्या भरत आल्या. चावीबाई अधूनमधून खुळखुळत यायच्या, भिंतीसमोर हात मागं बांधून उभ्या राहायच्या, कागदवालीशी हळू आवाजात बोलायच्या. एकदा मी कान दिला तर नुसतं "हात" एवढंच ऐकू आलं. हात! म्हटलं बरोबर आहे, कुठंतरी पाणी मुरतंय.

पाचव्या मंगळवारी मेहुण्यानं कापलेले दोन पिवळे तुकडे मी नुकतेच खिशात घातले होते, तेवढ्यात कागदवालीनं त्याच्यासमोर एक कागदाची पुडी ठेवली. "काका, तुमच्यासाठी खास."

आत खरी कात्री होती. काळ्या मुठीची, लांब पात्याची, शिंप्याची. इतके दिवस आम्हाला ज्या दिल्या होत्या त्या लहान पोरांच्या, बोथट टोकाच्या.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"इतका चांगला हात आहे त्यांचा. त्या खेळण्यातल्या कात्रीनं काय होणार?"

मेहुण्याचा चेहरा उजळला. त्यानं कात्री उचलली, दोनदा हवेत चालवली, कच्च कच्च, आवाज ऐकला. मी मनात म्हटलं, हा सापळा आहे. आता ही इथंच उभी राहणार आणि त्याला समोर कापायला लावणार. मी मुद्दाम हातातली गोंदाची कांडी खाली पाडली आणि म्हटलं, "ताई, जरा बघता का, पायाशी गेली." ती वाकली. मी टेबलाखालून फूल सरकवायला लागलो. आणि तेवढ्यात मेहुण्यानं पिवळा कागद घडी करून डाव्या हातात धरला आणि कापड कापतात तशी कात्री सपाट चालवली. अंगठा मध्ये होता.

ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "कापडाला डाग पडला."

मग पळापळ. चावीबाई आल्या, नर्स आली, पिवळ्या कागदावर हे एवढं रक्त. अंगठ्याला टाके घालायला त्याला घेऊन गेले. जाताना चावीबाई कागदवालीला म्हणाल्या, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं, "उद्या डॉक्टरांना दाखवू. वर एक खाट रिकामी आहे, तिकडंच हलवावं लागेल बहुतेक."

जेवणघर रिकामं झालं. कागदवाली फडक्यानं टेबल पुसत होती. निळी वही खुर्चीवर पडली होती. मी उचलली. चोरून नाही, तिच्यासमोर उचलली. म्हटलं, आता काय लपवायचं?

"काका, मागितली असती तरी दिली असती," ती म्हणाली.

मला वाचायला वेळ लागतो. अक्षराखाली बोट धरून वाचतो मी. टायपिस्टबाईंचं पान निघालं. लिहिलं होतं: उजवं मनगट दुखतं, स्प्रिंगची कात्री द्यावी. बाथरूममध्ये दोनदा पडल्या, बुधवारी वर जाऊन पानं करून घ्यावीत. पुढं मेहुणा: हात पक्का, कड सुरेख दुमडतात, शिंप्याची कात्री मागवावी. आणि त्याच्या खाली मी: यांचं काम मागं पडतंय. कागद हरवतात. डोळे, की विसरायला लागलेत? मोठ्या बाईंना सांगून तपासून घ्यावं.

मी! मी विसरायला लागलोय!

"आणि ते फुलांच्या पाठीवर काय लिहिता?"

"कोणाचं फूल ते. भिंत उतरवली की ज्याचं त्याच्या घरी द्यायचं असतं. लोक ठेवतात जपून."

मी खाली बसलो. मग सगळं सांगितलं. दुपारची फुलं, टेबलाखालचा व्यवहार, कड, चमचा, सगळं. ती फडकं हातात धरून ऐकत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी कात्री तुमचा हात बघून दिली," ती म्हणाली, "आणि धरली त्यांनी."

"हो."

"आणि भिंतीवर त्यांचं एकही फूल नाही."

"नाही." हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाचवता वाचवता मी त्याला पुसूनच टाकलं होतं.

"त्यांनी कापलेलं काय केलंत?"

मी खोलीत गेलो, उशी घेऊन आलो आणि अभ्रा टेबलावर उलटा केला. पाच आठवड्यांचं कातरण. गुलाबी, पांढरं, हिरवं, निळं, सगळं माझ्या डोक्याखाली दाबून इस्त्री झालेलं. तिनं एकेक तुकडा सरळ करून मांडायला सुरुवात केली. मग म्हणाली, "काका, हे बघा, हा आणि हा सारखाच आहे. हाही. दर वेळी तेच आकार आहेत."

"असतील. वाकडं ते वाकडंच."

दारात खुळखुळ झाली. चावीबाई मेहुण्याला हाताला धरून आणत होत्या. त्याच्या अंगठ्याला ही एवढी पांढरी पट्टी गुंडाळलेली. तो टेबलाकडं आला, बघितलं आणि भडकला.

"कोणी विसकटलं हे? सगळे नग एकात एक केलेत! दाजी, तुम्ही हात लावलात?"

"लावला."

"सरका बाजूला."

त्यानं उजव्या हातानं चार गुलाबी तुकडे बाजूला काढले. होडीसारखा तो खाली ठेवला. "पाठ." दोन बिननावाचे त्याच्यावर दोन बाजूंना. "पुढे दोन." आणि ती बादलीची कडी उचलून वरच्या खाचेत बसवली. नेमकी बसली. "कॉलर." मग रागानं माझ्याकडं बघितलं. "बाह्या कुठंयत? बाह्यांशिवाय गिऱ्हाइकाला काय देऊ?"

मी खिसा चाचपला. सकाळचे दोन तुकडे अजून खिशातच होते. पिवळे. मी ते गुपचूप पुढं केले.

"रंग वेगळा आहे," तो म्हणाला. "पण माप बरोबर आहे."

टेबलावर वीतभर शर्ट झाला होता. इकडंतिकडं बोटभरही फरक नाही. चाळीस वर्षं या माणसाच्या हातचे शर्ट मी अंगावर घातले, त्याच्या दुकानात बसून तुकडे कापताना बघितले, आणि मला ओळखता आले नाहीत. मी पाकळ्या शोधत होतो ना. फुलं कापायची हेच त्याच्या ध्यानात राहत नव्हतं. त्याचा हात त्याला जे येतं ते करत होता.

चावीबाई वाकून बघत होत्या. चाव्या मुठीत धरल्या होत्या, आवाज होऊ नये म्हणून. "आजोबा," त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?"

मला वाटलं संपलं.

"वार कॅलेंडरवाल्याला विचारा," मेहुणा म्हणाला. "मला माप विचारा."

चावीबाई हसल्या नाहीत. त्या हसतच नाहीत. पण बराच वेळ त्या शर्टाकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या. "डॉक्टर बघणार म्हणजे बघणारच. विसरतात ते, हे तुम्हालाही माहीत आहे. कधीतरी वर जावं लागेल. आज नाही. बोथट कात्री, आणि शेजारी तुम्ही. पण आता मदत करायची, लपवायचं नाही. लपवलंत तर मला कळत नाही कुठं लागतंय ते."

"आणि माझे डोळे तपासणार?"

"तुमची उशी तपासणार," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

माणसाचा स्वभाव असा लगेच जात नाही. बुधवारी मी कागदवालीच्या मागं लागलो की मला वर घेऊन चला, मला बघायचंय. तिनं नेलं. खोल्या स्वच्छ होत्या, ऊनही चांगलं येत होतं. टायपिस्टबाई खिडकीत बसून पानं चिकटवत होत्या, अजून उलटीच. मला बघून म्हणाल्या, "नमस्कार, साहेब आत आहेत, बसा." वाईट काही नव्हतं. पण बाहेर पडताना लिफ्टला चावी लावावी लागली, ते मी बघितलंच.

महिनाअखेरीला भिंत पुरी झाली. माझी कड दुमडलेली फुलं फांद्यांवर आणि एका फांदीपासून दुसऱ्या फांदीपर्यंत दोरी. दोरीवर मेहुण्याचे शर्ट, ओळीनं, वाळत घातल्यासारखे. लोक आले ते फुलं सोडून शर्टांशीच थांबायला लागले. माझी सूनबाई पण. फुलांच्या पाठीवरची नावं कागदवालीनं खोडून नीट केली होती. मी दोनदा उलटी करून खात्री केली.

मेहुणा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं एक फूल बोटांत धरलं, कड चाचपली आणि तोंड वाकडं केलं. "फुलाला कधी कड दुमडतात का, दाजी? पत्रेवाले ते पत्रेवालेच."

"मग तू शिकव."

"तुम्हाला काय शिकवायचं?" त्यानं मला खालीवर न्याहाळलं. माझा सदरा जुना झाला होता, कोपरावर विरला होता. "किती वर्षं घालताय हे? सरळ उभे राहा. एक नवा काढतो."

भर जेवणघरात, सगळ्यांच्या घरच्या माणसांसमोर, तो माझं माप घ्यायला लागला. टेप नव्हती, वितीनं. गुंडाळलेला अंगठा वर धरून उरलेली बोटं माझ्या पाठीवर टेकवत होता. मी ताठ उभा राहिलो आणि सूनबाई बघतेय म्हणून जरा पोट आत ओढलं.

"सोडा ते," तो म्हणाला. "खांदाही खाली करा. लग्नाच्या वेळी असंच केलंत. मला खोटं माप देऊ नका, दाजी."

मी श्वास सोडला आणि खांदा खाली केला.